घरभेट, वीस गुण

आठवड्याला शंभर गुण मिळतात, मेहनतीचे.
खेळात तसंच लिहिलंय: मेहनत.
मंगळवारी पहाटे दोनला हिशेब होतो.
न वापरलेले जातात,
पास संपल्यावर उरलेल्या फेऱ्यांसारखे.

कबड्डीचा माझा संघ, स्क्रीनवर, औशाचा.
पाच पोरं हवीत. यादीत चारशे.
नावं मशीन पाडतं,
कुठलंही आडनाव कुठल्याही नावाला:
बळीराम फर्नांडिस, डावा कोपरा,
पकड एकाहत्तर, दम त्रेपन्न,
राहणार जाफराबाद.
अंतर लांब, म्हणून माझे दोन गुण
त्याच्यापर्यंत पोचता पोचता एक होतात.

त्याच्या मागे आणखी कोण लागलंय ते दिसतं.
किती लागलंय ते दिसत नाही.
नुसती एक हिरवी पट्टी,
कधी तांदळाएवढी सरकते, कधी तीही नाही,
आणि खाली तीनपैकी एक शब्द:
थंड, कोमट, राजी.
बळीराम नऊ आठवडे कोमट.

फोन एक गुण. पत्र तीन.
घरभेट वीस, बटण एकदाच दाबायचं,
चहासुद्धा प्यावा लागत नाही.

दिवसा मी लातूरला, ट्यूशन एरियात,
दुसऱ्या मजल्यावर कानाला हेडफोन.
दहावीची यादी: टक्के, गाव, बापाचा नंबर.
"नमस्कार, अंगद बोलतोय, क्लासेसमधून."
शेवटच्या रकान्यात
थंड, कोमट.
हे शब्द माझे नाहीत, सरांनीच छापून दिलेत.
खेळवाल्यांना कुठून मिळाले देव जाणे.

शिवकांता बिडवे, जळकोट.
सत्त्याण्णव पॉइंट साठ.
अकरा फोन केले.
चौथ्याला बाप म्हणाला, बघू.
सातव्याला आई म्हणाली, पोरगी झोपलीय.
अकराव्याला कुणी काही बोललंच नाही,
मागे पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तेवढा ऐकू आला.
मग सोमवारी गाडी काढली.
चाकूर, शिरूर ताजबंद,
पाऊणशे किलोमीटर, पेट्रोल माझं.

"बसा की," म्हणाले. टायरवर फळी टाकली.
मी फोल्डर उघडलं, निकाल दाखवले, होस्टेलचे फोटो,
जे मला पाठ आहे ते सगळं.
पोरगी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.
शेवटी म्हणाली,
"सर, मी आले तर तुम्हाला किती भेटतात?"
मी आकडा सांगितला. खरा.
कामून सांगितला, अजून कळत नाही.
"आणि ह्या फोनांचे?"
"फोनांचे काही नाही."
"मग तुमचं नुकसानच झालं," ती म्हणाली,
चिडून नाही, गणित सोडवल्यासारखं.
"नांदेडचं ठरलंय. त्या मॅडमनी एकच फोन केला.
आत्या राहती ना तिथं."

आत्या.
कुठल्या पट्टीत दिसणार होती?

निघताना बापानं हँडलला तुरीच्या डाळीची पिशवी अडकवली.
नको म्हणालो.
"लई लांबून आलाव," म्हणाला,
आणि मागच्या चाकात हवा मारून दिली, न विचारता.

चाकूरच्या अलीकडे मोबाइल बंद पडला.
खोलीवर आलो, चार्जरला लावला,
बुटांसकट झोपलो.
दोन वाजून गेले. शंभरच्या शंभर गुण गेले.

सकाळी बघतो तर बळीराम माझा.
फरक एका गुणाचा.
मागं जाऊन हिशेब काढला:
सहाव्या आठवड्यात आठ गुण उरले होते,
मेसच्या ताटावर, उष्ट्या हातानं,
अंगठ्याच्या टोकानं ढकलून दिले होते त्याच्याकडे.
अर्धे वाटेतच गेले. चार पोचले.
ज्या रात्री जागलो, आकडे मांडले, वहीत कोष्टक केलं,
त्या रात्रीचे कुठं गेले
खेळ सांगत नाही.

दहाला ऑफिस.
यादीत शिवकांतापुढं अजून "कोमट" आहे.
खोडून "थंड" लिहायला हवं, सर संध्याकाळी बघतात.
पेन उघडून ठेवलंय.
डाळ टेबलाखाली आहे,
पाय लागला की सरकते, आवाज करते.