पंधराशे फूट, पूर्वाभिमुख

दर रविवारी निनावे बेसा चौकात भेटायचे.
हेल्मेट न काढता बोलायचे,
काचेआडून आकडा यायचा.
आधी चौदाशे.
दिवाळीनंतर एकोणीसशे.
मार्चमध्ये मी नाइट ड्यूटी उतरून तशीच गेले,
तर म्हणाले, "सव्वीसशे, ताई.
अन् तेबी संध्याकाळवरीच हाये जी."

मेडिकलच्या वॉर्डात मी रात्रभर
सलाइनचे थेंब मोजते.
मिनिटाला किती, बाटली कधी संपेल,
एवढं मला जमतं.
जमिनीच्या भावाचा चिमटा कोण सैल करतं
ते कधी दिसलं नाही.

सुगत म्हणायचा, थांबू.
मी म्हणायचे, थांबलो म्हणूनच इथवर आलो.
इंदोऱ्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत
हे भांडण आम्ही कूलर चालू करून भांडायचो,
पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.
तिनं शाळेच्या वहीत घर काढलं,
आणि दारावर पाटी रंगवली:
आरएल आहे.

मग यंदा काहीतरी सरकलं.
कुणी म्हणे उड्डाणपुलाची रेघ पलीकडे गेली,
कुणी म्हणे पुण्याचा पैसा परत गेला,
कुणी नुसतंच हात हलवून दाखवी.
वर्धा रोडच्या फलकांवरची हसरी जोडपी
उन्हानं पिवळी पडली.
आणि एका मंगळवारी
निनावे स्वतःच घरी आले.
हेल्मेट हातात. केस विरळ,
ते मी पहिल्यांदाच पाहिले.
येताना तर्री-पोहे बांधून आणलेले.
"रिसेल हाये ताई. पार्टी गरजू हाये.
आता तुमचा टाइम हाये."

प्लॉट नंबर बेचाळीस. कोपऱ्याचा नाही.
रोहणकर नवरा-बायको
बाभळीच्या तुटक सावलीत उभे होते.
त्यांनी सव्वीसशेनं घेतला होता,
बहुतेक त्याच संध्याकाळी
जी हातची गेली म्हणून
मी रात्री जेवले नव्हते.

जमिनीवर चुन्याच्या रेघा,
दोन पावसाळे खाऊन उरलेल्या.
इथे बैठक. इथून जिना चढणार होता.
बाईनं मला फिरवलं,
एकही रेघ न ओलांडता,
दाराच्या जागेतूनच आत.
"स्वयंपाकघर याच बाजूला घ्या.
मे महिन्यातही चारनंतर इकडे झळ येत नाही.
मी येऊन बसून पाहिलंय."
कशावर बसली असेल? तिथे दगडसुद्धा नव्हता.
नवऱ्याला सुगतनं कंपनी विचारली.
"होती," तो म्हणाला.

मी घरून पाठ करून आले होते:
ते अठराशे म्हणतील,
सतराशे म्हणायचं, साडेसतराशेला पटवायचं.
सुगतनं माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या डोळ्यांत होतं, जाऊ दे, देऊन टाकू.
बारा वर्षांत पहिल्यांदाच
तो थांबू म्हणत नव्हता.

मी तरीही सतराशेच म्हणाले.
आवाज निघाला तो वॉर्डातला,
नातेवाइकांना बाहेर बसा सांगतानाचा.
बाई गप्प राहिली.
मग म्हणाली, "बोअरला साठ फुटांवर पाणी आहे.
गोड आहे,"
जसं काही ते भावात धरलेलंच नव्हतं.

साडेसतराशेला पटलं.
निनाव्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला,
आणि रोहणकरांचा ग्लास
आधी भरला, हे मी पाहिलं.

परतताना मानेवाड्याच्या सिग्नलला
सुगत मागे न वळता म्हणाला,
"बरोबर केलंस तू,"
विचारल्यासारखं.
मी चप्पल झटकत होते.
चुना टाचेच्या भेगेत गेला होता.
तेव्हा लक्षात आलं,
निघताना मी दारातून नव्हते निघाले.
सरळ तिच्या भिंतीतून
चालत आले होते.