पंचवीस ग्रॅम

एकोणतीस वर्षं मी टनांनी मोजलं.
टँकर यायचे, टँकर जायचे,
आणि उस्तीच्या पुलाखाली लाबे नदी
आमच्या पाळ्यांप्रमाणे रंग बदलायची :
सोमवारी किरमिजी, गुरुवारी
जो काही उरला असेल तो.

मग कारखान्याची दारं मिटली.
हिशेबात मला आलं एक मनगटी घड्याळ,
आठ महिन्यांचा पगार
आणि भंगारात निघालेला तराजू,
जो अजून मिलिग्रॅमपर्यंत खरं बोलतो.

व्होयतेखला म्हटलं, गॅरेजमधून स्कोडा काढ.
म्हणाला, गाडी पावसात?
म्हटलं, गाडी भिजली तर वाळते.
कॅल्शियम क्लोराईड नुसत्या हवेनं भिजतं,
मग ते काय तुझी आई घेणार?
रुसला. दुसऱ्या दिवशी
न बोलता भिंतीला फळ्या ठोकून गेला,
एक तिरकी.

परवान्याच्या अर्जात रकाने होते :
शेतीसाठी, उद्योगासाठी, साफसफाईसाठी.
नुसतं बघण्यासाठी
असा रकाना नव्हता.
खिडकीतल्या मुलीनं पेनाचं टोक चावलं,
आणि माझी सगळी गिऱ्हाइकं
‘इतर’मध्ये टाकली.

ठोक व्यापारी पंचवीस किलोच्या खाली
फोनसुद्धा उचलत नाही.
मी विकते पंचवीस ग्रॅम.
म्हणजे एका पोत्यात हजार माणसं,
आणि ती शोधायची मी.

मोरचूद, तुरटी, नवसागर, टांकणखार.
बाटली अंगठ्याएवढी, तिच्यावरचा इशारा
चारदा घडी घालून चिकटवायचा.
चष्मा लावा. मुलांपासून लांब ठेवा.
(पहिली ऑर्डर मुलाचीच होती.
क्विडो, वय अकरा, खाली वडलांची सही,
तीही बहुतेक त्याच्याच अक्षरात.
मी वडलांना फोन केला. सही खरी निघाली.
बापलेकांचं अक्षर एकसारखंच वाईट.)

ओस्ट्राव्हाहून हानुश लिहितो, ट्राम चालवतो.
रात्रपाळी संपली की स्वयंपाकघरात उभा राहून
चिमूटभर स्ट्रॉन्शियम ज्योतीत धरतो.
लाल दिव्यापाशी थांबण्यात आयुष्य गेलं, म्हणतो,
हा एकच लाल माझ्या मर्जीनं लागतो.

आणि एकानं तीन वस्तू एकदम मागवल्या.
त्या तिघी एकत्र कुठे निघतात
हे मला न सांगता कळतं.
कळवलं : माल नाही.
त्यानं विचारलं : कधी येईल?
कळवलं : येणार नाही.
मग चौकीत गेले. हवालदारानं
नाव लिहून घेतलं, दार ओढून घेतलं,
आणि हळूच विचारलं, आजोबांच्या मोटरसायकलचा
गंज काढायला काही मिळेल का तुमच्याकडे?
त्या महिन्यात तेवढीच एक रोख विक्री.

रात्री व्होयतेख वही बघतो.
एकशे बारा, म्हणतो.
हजारातले एकशे बारा.
मी म्हणते, पोतं कुठे पळून जातंय?
झोप मात्र दोघांनाही लागत नाही.

काल टपालानं एक मोजा आला.
लोकरीचा, टाचेला भोक.
आत तुरटीचा स्फटिक, आठ बाजूंचा,
एक कोपरा वाटेत टवका उडून गेलेला.
चिठ्ठी : पन्नास ग्रॅम घेतली होती,
वजन करून बघा.

तराजूवर ठेवला. काटा स्थिर होईपर्यंत
श्वास धरला, जुनी सवय.
एकतीस.
चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं :
बाकीची आईनं सिंकमध्ये ओतली.
अजून पाठवा. हा परत करू नका.

पंचवीस ग्रॅम भरली,
इशारा चारदा घडी घालून चिकटवला.
बिल लावलं. धंदा आहे.
टपालखर्च तेवढा सोडला,
आणि मोजा, टाचेचं भोक शिवून,
बाटलीभोवती गुंडाळला.