उधारी: पिवळी व्हॅन

माझ्या दुकानात पंक्चर निघतं, रिचार्जही मारून मिळतो.
त्या साली पंक्चर आलंच नाही,
कोणी कुठं जातच नव्हतं.

गोहाडांचा किशोर नागपूरहून आला तो व्हॅनसकट.
मागच्या काचेवर 'स्कूल ड्युटी',
आत अकरा पोरांची जागा आणि त्याची एकटी आचल,
सहावीतली.
शाळेला कुलूप, पण वर्ग म्हणे फोनात सुरू.

आमच्या गुरुजींची पीडीएफ सोमवारी यायची
आणि शनिवारपर्यंत गोल गोल फिरायची.
रेंज फक्त कालव्याच्या पाळीवर,
तीही बाभळीच्या अलीकडे.
पलीकडे गेलं की बाई गोठायच्या,
तोंड अर्धं उघडं.

भादव्याचं ऊन. व्हॅनची टाकी कोरडी.
पोट्ट्यांनीच अक्कल काढली:
रोज साडेनऊला व्हॅन ढकलायची, चढावरून, पाळीपर्यंत.
"हॅन्डब्रेक सोड ना काका!"
किशोर स्टिअरिंगवर.
जन्मात पहिल्यांदा पोरं त्याला शाळेत नेत होती.

फोन आरशाला अडकवलेला.
हजेरीत आचल एकटी. बाकीचे नुसते व्हॅनमध्ये.
बाईंनी विचारलं, "आचल, मागे कोण आहे?"
"शेळ्या आहेत, मॅडम."
लगेच मागच्या सीटवरून शेळ्या ओरडल्या.
एकदा अपूर्णांकाचं उत्तर मंथननं सगळ्यात आधी दिलं,
बरोबर दिलं.
माइक बंद होता.

दीड जीबी दुपारीच संपायचा.
मी लिहायचो: व्हॅन, एकोणीस रुपये.
दुसऱ्या दिवशी परत: व्हॅन, एकोणीस.
कोणाच्या नावावर मांडू?
किशोर म्हणे, माझ्या.
मंथनची माय म्हणे, "अर्धे मायावर लिहा भाऊ,
आमचं पोट्टंही तं आयकते."

फेब्रुवारीत नागपूरची शाळा उघडली.
व्हॅनमध्ये पेट्रोल पडलं, ती आपली आपण निघाली.
तरी पोट्ट्यांनी मागच्या काचेला हात लावलेच,
सवयीनं,
आणि हात तसेच हवेत राहिले.

आता मानेवाड्यातली पोरं त्या सीटवर बसत असतील.
समोरच्या रेक्झिनवर बॉलपेननं सतराचा पाढा आहे,
सातव्या ओळीत चुकलेला,
खोडून दुसऱ्या अक्षरात दुरुस्त केलेला.
हे कोणी लिहिलं, असं कोणी विचारलं
तर किशोर काय सांगतो, मला माहीत नाही.

माझ्या वहीत चारशे अठरा रुपये बाकी दिसतात.
रेघ मारून टाकावी म्हणून पेन उचलतो,
तेवढ्यात कोणीतरी सायकल लोटत येतं.