पॅकिंग स्लिपच्या मागे

शेन बाईंनी तीन नावं लिहून दिली
सूझौहून आलेल्या लूमच्या पॅकिंग स्लिपमागे.
पुढच्या बाजूला वजन, नग, 'उलटे ठेवू नये',
मागच्या बाजूला तीन गाणारी माणसं
आणि ग्रीसनं उमटलेला कुणाचा तरी अंगठा.
"नव्या माणसानं इथून सुरू करावं,"
अर्ध्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, अर्ध्या हातांनी.

बुटीबोरीची बस सव्वासहाला गोळीबार चौकातून निघते.
खिडकी धरून मी पहिलीला कानात घालते.
ही सावकाश गाते, तांदूळ निवडावेत तशी,
एकेक शब्द बोटानं सारत.
हिच्याकडून मला पहिला शब्द मिळाला: तंग.
म्हणजे थांब. वाट पाहा.
आमच्या तंगचा अर्थ वेगळा, पण
वाट पाहणाऱ्याचा चेहरा आठवला
आणि मी वहीत दोन्ही अर्थ एकाच ओळीत लिहिले.

दुसऱ्याशी माझं जमेना.
तो शब्द गिळतो,
गालात खर्रा धरून बोलणाऱ्या
आमच्या फिटर मुरलीभाऊ निखारेंसारखा.
शेन बाईंना सांगितलं तर खूप हसल्या.
त्यांनाही म्हणे कॉलेजात असताना
बोल छापलेला कागद समोर धरावा लागायचा.
तेवढंच बरं वाटलं. त्या दिवशी
डब्यातला झुणका दोघींनी वाटून खाल्ला,
त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबला नाही.

पुस्तक सांगतं,
'माई' खाली वाकून वर आली तर विकत घे,
वरून थेट कोसळली तर विकून टाक.
इतवारीत अशी भाषा चालवली
तर संध्याकाळपर्यंत दुकान बुडेल.
आणि गाण्यात तर ते चढउतारही नसतात,
चाल आत घेते शब्दाला
आणि त्याचे सूर दाराबाहेर
चपलांसारखे काढून ठेवायला लावते.
"मग कळतं कसं?"
"शेजारच्या शब्दांवरून," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आमच्याकडेही एक आहे.
हाव, म्हणजे होय.
हाव? म्हणजे खरंच का.
हाऽऽव, म्हणजे करतो, पण आज नाही.
आणि आई तांदूळ धुता धुता, मान न वळवता
जो हाव म्हणते, त्याचा अर्थ नाही.
शेन बाईंनी चारही लिहून घेतले,
डोक्यावर बारीक रेघा देऊन.
चौथ्यावर कोणती रेघ द्यावी, त्यांना सुचेना.

बाबांची आधी व्यंजनं गेली.
तांडापेठेत पॉवरलूमच्या खटखटीत चाळीस वर्षं:
स गेला, च गेला, ट गेला,
उरले ते नुसते स्वर.
आमचं बोलणं ते ओठांवरून वाचतात,
टीव्ही कधीच सोडला.
रात्री कूलरमध्ये पाणी भरून झालं
आणि मी मोबाइल स्टीलच्या गंजात ठेवला,
आवाज भरून येतो म्हणून.
तिसरीचं गाणं लागलं.
ही घरातच रेकॉर्ड करत असावी,
मागे कुठंतरी नळ चालू असतो.
बाबा पुढे सरकले. गंजाला हात लावून बसले,
धावता माग तपासत तसे.
"धागा जोडून राहिली ते," म्हणाले,
"गाठ दिसू देत नाही."
माझ्याकडे तिचे फक्त नऊ शब्द होते,
त्यात धागा नव्हता.

मे महिन्यात, नवतपा लागायच्या आधी,
शेन बाई निघाल्या.
गेटवर गाडी उभी, सिक्युरिटीवाला नोंद करत होता.
मला म्हणायचं होतं, तंग. जरा थांबा.
घाईत सूर वरून खाली पडला
आणि शब्दाचं झालं स्टूल.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
बॅग खाली ठेवली,
वॉचमनच्या केबिनमधलं लोखंडी स्टूल ओढलं
आणि त्यावर बसल्या,
गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत.