जामीनदार

बावीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर वजन घेतोय.
पोत्यावर आकडा असतो; नसला तरी
मान सांगते : पन्नास, पंचावन्न, हे ओलं आहे.
ह्या कागदाचं मात्र काही कळेना.
मुद्रांक, वाशीच्या कोर्टाबाहेर टाइप केलेला,
खाली माझं नाव, त्यापुढे : जामीनदार.

टायपिस्टने मराठीत सांगितलं, दोनदा, चहा घेत घेत.
पोरगी मध्येच आपल्या मर्जीने सोडून आली
तर जितके आठवडे राहिली तितक्यांचा खर्च
सरकारला परत.
आठवड्याला किती, ते बोट ठेवून दाखवलं.
मी पोत्यांत हिशेब केला.
थप्पी छपराला टेकली, तेव्हा सोडून दिला.

त्याआधी नेरूळच्या कॉलेजचा कागद आला होता. गुळगुळीत.
हिरवळ, कारंजं, हसणारी पोरं.
वर्षाची फी, शिवाय डेव्हलपमेंट म्हणून काही,
शिवाय परत न मिळणारं काही.
बँकेतल्या बाई म्हणाल्या, तारण काय?
कोपरखैरण्याची खोली, तिचाही कज्जा चालू.
अक्षता काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून पहाटे
माझ्याबरोबर उठायला लागली.
मी मार्केटला, ती खाडीकडच्या रस्त्याला,
पळायला.

भोपाळला पाच दिवस होती. छातीवर नंबर, नाव नाही.
साहेबाने विचारलं, सैन्यात का यायचंय?
आधीच्या सगळ्यांनी देश सांगितला असणार.
ही म्हणाली, सर, इथे फी नाही.
हे सांगताना हसत होती.
मी भाकरी ताटात ठेवली.
लाज कुणाची वाटून घ्यावी, तेच समजेना.
मग? काय म्हणाला तो?
म्हणाला, आणि फी असती तर?
मग?
जरा वेळ गप्प होते, बाबा. मग खरं तेच सांगितलं.
पण ते तुम्हाला नाही सांगणार.

इस्पितळात दात मोजले, गुडघे जुळवून पाहिले,
कानातला मळ काढून या म्हणाले, आठ दिवसांनी.
शेवंता म्हणाली,
एवढं तर स्थळाकडचेही बघत नाहीत.
आणि मग रात्री उशिरापर्यंत
भांडी घासत राहिली, घासलेलीच.

दुसरी सही दादू तोलाऱ्याची.
त्याने कागद वाचला नाही.
काट्यावर जन्म गेला माझा, म्हणाला,
पोरीचं वजन मला माहीत आहे.
पेन चालेना, तर थुंकी लावून चालवलं.

यादीत होतं : काळी ट्रंक, एक. कुलूप, एक.
पांढरे बूट, दोन जोड. नाव पांढऱ्या रंगात.
गल्लीत मार्का मारणाऱ्या इस्माईलने लिहिलं,
ज्या कुंचल्याने लासलगाव लिहितो त्यानेच :
अ. मा. सपकाळ.
खाली सवयीने
वजनासाठी रेघ ओढली, आणि जीभ चावली.
चिंधी शोधायला लागला.
अक्षता म्हणाली, चाचा, राहू दे.

सानपाड्याला हायवेवर स्वारगेटची गाडी.
रिक्षातून ट्रंक निघाली
तसा मी वाकलो, पाठ आपोआप पुढे झाली.
ती म्हणाली, सरका.
डाव्या खांद्यावर घेतली, मान तिकडेच घालून.
उजवीकडे काढ मान, म्हणालो मी.
एवढंच.
बाकीचं सगळं ठरवून आलो होतो :
नाही जमलं तर ये निघून,
पैशाचं बघू, मी आहे.
गाडी हलली. कंडक्टरने दार ओढलं.
ते सगळं त्या कागदावर,
माझ्या सहीत आलंय,
असं धरून चाललोय.