पापुद्रे

गावीना कोर्रियास, वय एक्केचाळीस,
ओर्गोसोलोहून सकाळच्या बसने.
कानातलं न सांगताच काढून वाटीत ठेवते.
डाव्या हातातली अंगठी मात्र अडते,
साबण लावून, पिळून पिळून काढावी लागते,
आणि दर वेळी तीच हसते:
"बाकीझ्योचं काही सुटत नाही माझ्यापासून."

मी फक्त यंत्र चालवते. काचेच्या अलीकडे.
औषध वरच्या मजल्यावर देतात,
सहा महिन्यांतून एकदा, शिरेतून, थेंब थेंब,
खिडकीतून ओर्तोबेने डोंगर दिसतो त्या खुर्चीत.
लागू पडलं का, ते नाडी सांगत नाही,
जीभ बघून कळत नाही,
तिलाही नाही.
म्हणून ही फेरी.

"हलू नका," मी माइकमध्ये म्हणते.
मग ठोकाठोक सुरू.
इझिलीच्या तांबटांच्या गल्लीत
कुणी अंथरूण घालून दिल्यासारखी ती आत पडून असते.
म्हणते, त्या ठोक्यांवर मी भाकऱ्या मोजते,
गेल्या खेपेला एकशे चाळीस झाल्या.

पहिल्यांदा आली तेव्हा पडद्याकडे बघून म्हणाली होती,
"अगं, हे तर आमचंच काम!"
त्यांची भाकरी भट्टीत टम्म फुगते,
कडेने सुरी फिरवून पदर सोडवायचा,
एकीच्या दोन चकत्या, कागदासारख्या,
त्या पुन्हा भाजायच्या.
मेंढपाळ घेऊन जायचे डोंगरात, महिना महिना टिकायच्या.
मीही तिचे पदर सोडवते:
कपाळापासून मानेपर्यंत एकशे शहात्तर,
एकावर एक.

भाकरीवर डाग पडावेतच, ती म्हणते,
डाग नसेल तर कच्ची.
इथे उलट.
इथले डाग पांढरे,
जिथे शिरांवरचा पापुद्रा सोलून निघाला तिथले.
दहा उठतात तेव्हा एखादाच बोलतो,
पाय ओढतो, डोळ्यापुढे धुकं धरतो,
बाकीचे मुकाट बसून राहतात
आणि मला दिसतात.
गेल्या वर्षी दोन रंग पिऊन उजळले होते,
रात्री दूरच्या उतारावर कुणाच्या तरी गोठ्यात दिवा असावा तसे.

आज मी जुनं चित्र नव्यावर ठेवलं,
यंत्राला म्हटलं, कर वजाबाकी.
काळं.
सगळं काळं.
हातात शून्य आलं म्हणून जीव भांड्यात पडावा
असं हे एकच गणित मला येतं.

मधली पोकळी मात्र अंमळ रुंद.
अर्धा टक्काही नाही.
डॉक्टर मेरेउ म्हणाले, वयाने तेवढं होतंच,
आणि चष्मा पुसत बसले,
पुसलेलाच.

"नवं काही?"
"नवं काही नाही."
"मग औषध चालू."
"चालू."
ती बुटाची नाडी बांधत होती, उजव्या हाताने आणि दातांनी,
डावा हात मांडीवर, पाहुण्यासारखा.
मनगटावर भट्टीचे चटके, चार-पाच,
तिला न विचारता उठलेले.
"हाताचं काय?" तिने विचारलं, मला नव्हे,
हातालाच बहुधा.
चित्रात हात येत नाही, असं काहीतरी मी म्हणाले.
बरोबरच होतं ते.
मला माझ्याच आवाजाचा राग आला.

मग फडक्यात बांधलेली चळत टेबलावर ठेवली तिने.
"वरची करपली आहे. ती माझी.
खालच्या लेकीने केल्यात."

ती गेल्यावर वाटी विसळायला घेतली
तर तळाशी अंगठी.
कानातलं आठवणीने घातलं होतं.
अंगठी नाही,
आणि ती नाही हे त्या बोटाने तिला कळवलं नाही.

धावले. फाटकापर्यंत, औषधांच्या दुकानापर्यंत.
बस वळण उतरून गेली होती.

अहवाल तयार होता: स्थिर.
खाली सही, तारीख, शिक्का.
अंगठीसाठी त्यात रकाना नाही.
ती पाकिटात घातली, वर नाव लिहिलं,
संध्याकाळच्या बसचा ड्रायव्हर गेसुइनो ओळखीचा,
त्याच्या हाती दिली.
"जपून," म्हटलं.
तो म्हणाला, "इतकी हलकी?"

रात्री करपलेली आधी खाल्ली.