धोटा

"गज्जम इरय्या" अशी हाक आली
तेव्हा हे उठले, डावी पापणी उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसातली गाठ निम्मी आटली.
पण औषध स्वतः गाठीला मारत नाही,
शरीराच्या ताकदीचा ब्रेक तेवढा काढतं.
ती ताकद आता नसांवर उलटलीय.
मला कळेना. ह्यांना लगेच कळलं.
तीस वर्षं जॉबर होते अक्कलकोट रोडला.
ब्रेक ढिला पडला की धोटा उडतो,
मग समोर कोण उभं आहे ते तो बघत नाही.
भुवईवरचा जुना व्रण ह्यांनी डॉक्टरांना दाखवला.
दोघंही हसले.
मी नाही.

इंजेक्शन थांबलं. स्टेरॉइड सुरू.
तोंड फुगून पुरीसारखं झालं,
बोटं काही परत आली नाहीत.
शर्टाची बटणं मी लावते.
दुपारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
तेव्हा हे माझ्या बोटांकडे बघत बसतात,
मिठाईच्या दुकानाबाहेर उभ्या पोरासारखे.

काल पुतण्यानं चादर आणली,
थेट मागावरून उतरलेली, खळीचा वास तसाच.
ह्यांनी हात फिरवला. काहीच नाही.
मग उचलून गालाला लावली,
काठाकाठानं सरकवत नेली
मिटलेल्या डोळ्याच्या बाजूनं,
आणि एका जागी थांबले.
"इथं धागा सुटलाय."

बल्बखाली धरून पाहिलं मी.
सुटला होता.